ट्रकचालकांसाठी डिझेल-बचतीची बोनस योजना: आखणीपासून वाटपापर्यंत

एकाच मॉडेलचे दोन ट्रक, सारखा माल, सारखा रस्ता. तरीही महिनाअखेरीला डिझेलचा हिशोब जुळत नाही. गाडीची तब्येत ठीक असेल तर हा फरक बहुतेक वेळा चालकाच्या सवयींचा असतो. वेग किती ठेवला, ब्रेक किती वेळा दाबला, उभ्या गाडीचं इंजिन किती तास चालू राहिलं, यावर तो ठरतो. या सवयी बदलायला कष्ट पडतात आणि लक्ष द्यावं लागतं. त्या कष्टांचा वाटा चालकाला मिळाला पाहिजे. पण नुसती ‘चांगलं ॲव्हरेज द्या, बक्षीस घ्या’ अशी घोषणा केली तर योजना दोन-तीन महिन्यांत विझते, कारण ‘माझ्या गाडीला नेहमी जड माल, त्याला रिकामी फेरी’ ही तक्रार पहिल्याच वाटपाला येते. आणि ती बहुधा खरी असते! चालकाच्या हातात आहे तेवढंच मोजायचं आणि ते मोजमाप त्याला पटेल असं करायचं, यावर योजनेचं यश उभं असतं.

१. आधी गाड्या नीट करा

ज्या गाडीचा ब्रेक घासतोय किंवा अलाइनमेंट बिघडलंय, त्या गाडीच्या चालकाला ॲव्हरेजवरून तोलणं हा अन्याय आहे. योजना जाहीर करण्याआधी प्रत्येक गाडीची हवा, एअर फिल्टर, चाकांचं अलाइनमेंट, ब्रेकचं ॲडजस्टमेंट, डिझेलची गळती आणि ब्रेकच्या हवेच्या लाइनची गळती तपासून घ्या. टायर थंड असतानाच हवा मोजा. चालून गरम झालेल्या टायरमध्ये दाब वाढलेला दिसतो आणि कमी हवा लपून जाते. सगळ्या टायरमध्ये १० पीएसआय हवा कमी असेल तर खप साधारण १ टक्क्याने वाढतो. ऐकायला हा आकडा लहान वाटतो, पण महिन्याच्या हिशोबात तेवढाच फरक एखाद्याचा बोनस खाऊन टाकतो.

वेग मर्यादित करणारं उपकरण असेल तर सगळ्या गाड्यांवर एकच मर्यादा ठेवा. चालकाने लिहून दिलेली दुरुस्तीची तक्रार ठरलेल्या दिवसांत सुटली नाही, तर त्या काळाचा हिशोब त्याच्याविरुद्ध धरायचा नाही, हा नियम पहिल्याच दिवशी लिहून टाका. त्यामुळे वर्कशॉपवरही योग्य तो दबाव राहतो.

२. मोजायचं कसं, हे ठरवा

सर्वात भरवशाची पद्धत जुनीच आहे: फुल टाकी ते फुल टाकी. दर वेळी शक्यतो त्याच पंपावर, सपाट जागेवर, नोझल पहिल्यांदा आपोआप बंद होईपर्यंत भरायचं आणि किलोमीटरची नोंद त्याच क्षणी करायची. तरीही टाकी ‘फुल’ होण्यात १५-२० लिटरचा फरक पडू शकतो. २०० लिटरच्या एका भरण्यात २० लिटर म्हणजे १० टक्के. महिन्याच्या १७०० लिटरमध्ये तोच फरक जेमतेम १ टक्का. म्हणून एका खेपेवरून कुणालाही शाबासकी किंवा ताकीद देऊ नका, निदान चार आठवड्यांची बेरीज होऊ द्या.

इंजिनच्या कंट्रोल युनिटमधून येणारा खपाचा आकडा इंजेक्शनच्या, म्हणजे इंजिनात फवारलेल्या डिझेलच्या, हिशोबावरून काढलेला अंदाज असतो, त्यामुळे तो पंपाच्या आकड्याशी अचूक जुळत नाही. सवयी समजून घ्यायला, म्हणजे आयडलिंगचे (उभ्या गाडीत इंजिन चालू राहण्याचे) तास, जोरात मारलेले ब्रेक, वेग पाहायला तो उत्तम आहे. पैसे मात्र पंपाच्या लिटरवर द्या आणि किलोमीटर जीपीएसशी पडताळून घ्या.

आता हिशोबातली एक जागा, जिथे अनुभवी माणसंही फसतात. किलोमीटर प्रति लिटर या आकड्यांची थेट सरासरी काढता येत नाही. ३०० किमी ३ च्या ॲव्हरेजने आणि पुढचे ३०० किमी ५ च्या ॲव्हरेजने गेले, तर डिझेल लागलं १०० अधिक ६०, म्हणजे १६० लिटर. खरं ॲव्हरेज ३.७५ आहे, ४ नाही. दुसरं असं, की अर्ध्या किलोमीटरची सुधारणा सगळीकडे सारखी नसते. १००० किमीला २.५ वरून ३ वर गेलं की ६७ लिटर वाचतात. ४ वरून ४.५ वर गेलं की २८. बोनस ॲव्हरेजच्या सुधारणेवर ठेवलात तर जड माल ओढणाऱ्याला निम्म्याहून कमी मोबदला मिळतो. म्हणून बोलण्यात ॲव्हरेज असू द्या, पण हिशोब वाचलेल्या लिटरमध्ये करा.

३. प्रत्येक फेरीचा अपेक्षित खप काढा

योजनेचा कणा हाच. मागच्या तीन महिन्यांच्या नोंदी घ्या. योजना जाहीर करून मग आधाररेषा (तुलनेसाठीचा मूळ खप) मोजायला घेऊ नका, त्या काळात जास्त डिझेल जाळणं चालकाच्या फायद्याचं होऊन बसतं. गाड्यांचे गट पाडा: मॉडेल आणि वय एकीकडे, रस्त्याचा प्रकार (घाट, सपाट, शहरातली फिरती) दुसरीकडे. प्रत्येक गटासाठी आलेखाच्या आडव्या अक्षावर मालाचं वजन आणि उभ्या अक्षावर दर १०० किमीला लागलेले लिटर मांडा, आणि ठिपक्यांमधून एक सरळ रेषा काढा. साध्या स्प्रेडशीटमध्ये हे होतं. रेषा जिथून सुरू होते तो रिकाम्या गाडीचा खप. तिचा चढ म्हणजे प्रत्येक टनामागे वाढणारा खप.

उदाहरणादाखल समजा, एका गटात रिकाम्या गाडीला १०० किमीला २४ लिटर लागतात आणि प्रत्येक टनामागे ०.४ लिटर वाढतं. मग २५ टन माल असलेल्या फेरीचा अपेक्षित खप ३४ लिटर. हे आकडे उचलून वापरू नका, ते तुमच्याच नोंदींतून यायला हवेत. क्रेन, टिपर किंवा पंप चालवायला इंजिन वापरावं लागत असेल तर त्या तासांचं डिझेल वेगळं धरा. शीतगृहाच्या गाडीत थंड करणाऱ्या युनिटची टाकी स्वतंत्र असेल तर ते डिझेल या हिशोबात येताच कामा नये.

पावसाळा, कडक थंडी, समोरचा वारा यांचं काय? यांच्यासाठी वेगळी सूत्रं रचत बसू नका. गटातल्या सगळ्यांवर हवामानाचा परिणाम साधारण सारखाच होतो, म्हणून त्या महिन्यात अख्ख्या गटाचा खप जितके टक्के सरकला तितकी अपेक्षा सरकवा. एवढं पुरतं, आणि चालकाला समजावताही येतं.

४. बोनसचं सूत्र

वाचलेल्या लिटरच्या किमतीतला ठरावीक टक्का चालकाला द्या. ३० ते ५० टक्क्यांमधला वाटा व्यवहार्य ठरतो. त्याहून कमी असेल तर कुणाला फरक पडत नाही, आणि सगळंच वाटलं तर सेन्सर, प्रशिक्षण, हिशोबाचा खर्च भागत नाही. ४० टक्के धरून पाहू. महिन्यात ३००० किमी २५ टनांसह आणि ३००० किमी रिकामे: अपेक्षित खप १०२० अधिक ७२०, एकूण १७४० लिटर. प्रत्यक्षात लागले १६५०. वाचले ९०, चालकाचे ३६ लिटर. त्या महिन्याच्या सरासरी खरेदी दराने त्यांची किंमत द्यायची. भाव चढला-उतरला तरी वाद होत नाही, कारण कष्ट लिटरमध्ये मोजलेले असतात.

‘५ टक्के सुधारणा झाली तरच बोनस’ अशी पायरी ठेवू नका. ज्याला महिन्याच्या मध्यावर कळतं की पायरी गाठता येणार नाही, तो उरलेले १५ दिवस प्रयत्नच सोडतो. पहिल्या लिटरपासून मोबदला सुरू होऊ द्या. तुलनाही चालकाच्या स्वतःच्या जुन्या आकड्याशी करू नका, गटाच्या रेषेशी करा. नाहीतर आधीपासून जपून चालवणाऱ्याला काहीच मिळत नाही आणि कालपर्यंत डिझेल उडवणारा सगळ्यात मोठं पाकीट घेऊन जातो. मागे असलेल्यांना उमेद मिळावी म्हणून पहिले सहा महिने स्वतःच्या सुधारणेसाठी छोटा वेगळा बोनस ठेवायला हरकत नाही.

आणि दंड ठेवू नका. खप जास्त झाला म्हणून पगारातून कापणं अनेक ठिकाणी कामगार कायद्यात बसत नाही, आणि बसलं तरी त्या दिवसापासून नोंदी खोट्या व्हायला लागतात.

५. सुरक्षेचं फाटक

लिटरवर पैसे ठेवले की काही घातक युक्त्या आपोआप सुचतात. त्यातली सगळ्यात धोकादायक म्हणजे उतारावर गाडी न्यूट्रल करणं. इंजिनचा ब्रेक सुटतो, सगळा भार चाकांच्या ब्रेकवर येतो, ते तापतात आणि ऐन वेळी धरत नाहीत. शिवाय यात डिझेल वाचतही नाही. इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनच्या इंजिनात गिअरमध्ये राहून ॲक्सिलरेटर सोडला की इंजेक्शन पूर्ण बंद होतं, खप शून्य. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला डिझेल जळतच राहतं. हे चालकांना कारणासकट सांगा, नुसती मनाई पुरत नाही.

म्हणून त्या महिन्यात टाळता येण्यासारखा अपघात, वेगमर्यादेचं उल्लंघन, न्यूट्रलमध्ये उतार किंवा विश्रांतीच्या नियमांचा भंग झाला असेल तर बोनस नाही. माल उशिरा पोहोचला तर आधी कारण पाहा. लोडिंगला झालेला खोळंबा चालकाच्या माथी मारू नका. केबिनमध्ये झोपण्याच्या वेळी असह्य उकाडा किंवा गोठवणारी थंडी असेल तर इंजिन चालू ठेवण्याची मुभा द्या आणि ते तास हिशोबातून वगळा. त्याहून चांगलं म्हणजे केबिनसाठी स्वतंत्र हीटर किंवा कूलर बसवून द्या. थकलेला चालक कितीही डिझेल वाचवत असला तरी तो सौदा महागातच पडतो.

६. काय बदलायचं, ते शिकवा

पैसे इच्छा जागवतात, कौशल्य देत नाहीत. प्रत्येक चालकासोबत जाणत्या प्रशिक्षकाने निदान अर्धा दिवस त्याच्याच रस्त्यावर, त्याच्याच गाडीत बसावं. भर तीन गोष्टींवर द्या.

आयडलिंग: जड ट्रकचं इंजिन उभ्या गाडीत तासाला साधारण २ ते ३ लिटर घेतं. रोज दोन तास, महिन्याचे २५ दिवस, म्हणजे १०० ते १५० लिटर. वरच्या उदाहरणातल्या सगळ्या बचतीपेक्षा जास्त! सुरुवात इथूनच करा, कारण फरक पहिल्याच महिन्यात दिसतो.

पुढचं पाहून चालवणं: ४० टनांची गाडी ताशी ८० वरून पूर्ण थांबली की तिची सगळी गतिज ऊर्जा ब्रेकमध्ये उष्णता होऊन जाते. तोच वेग पुन्हा पकडायला, निव्वळ वेगासाठी, सुमारे ०.७ लिटर डिझेल लागतं. सिग्नल किंवा टोलनाका दिसताच ॲक्सिलरेटर सोडून गाडी गिअरमध्येच हळू होऊ दिली आणि पूर्ण थांबणं टळलं, तर यातलं बरंचसं वाचतं.

वेग: हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ८० वरून ९० वर गेलं की हा विरोध सव्वापटीहून थोडा जास्त होतो, आणि १०० किमीच्या अंतरात वाचतात फक्त ८ मिनिटं.

गिअर कधी टाकायचा हे टॅकोमीटरच्या (इंजिनचे फेरे दाखवणाऱ्या मीटरच्या) हिरव्या पट्ट्यावरून शिकवा. तो पट्टा मॉडेलप्रमाणे बदलतो.

७. चोरी आणि चलाखी

बोनस योजनेने डिझेलचोरी आपोआप थांबेल असं समजू नका. वाचवलेल्या लिटरचे चालकाला ४० टक्के मिळतात, विकलेल्या लिटरचा अख्खा पैसा हाती येतो. टाकीत पातळीचा सेन्सर, झाकणाला कुलूप, आणि पंपाच्या पावतीवरची वेळ जीपीएसच्या ठिकाणाशी जुळवणं, हे वेगळं करावंच लागतं. महिनाअखेरीला टाकी अर्धवट ठेवली की ॲव्हरेज खोटंच चांगलं दिसतं, म्हणून हिशोब नेहमी फुल टाकीवर बंद करा. एका गाडीवर दोन चालक असतील तर गाडी हातात देताना टाकी फुल करा. ते जमत नसेल तर बोनस दोघांचा मिळून ठेवा आणि चालवलेल्या किलोमीटरच्या प्रमाणात वाटा.

८. छोट्या गटावर चालवून पाहा, मग सगळीकडे

एकाच गटातल्या ८-१० गाड्यांवर तीन महिने योजना चालवा आणि तशाच ८-१० गाड्या योजनेबाहेर ठेवून फक्त मोजत राहा. तुलनेला काही नसेल तर हवामानाने झालेली सुधारणा योजनेच्या खात्यावर जमा होते. सूत्र जाहीर करण्याआधी दोन-तीन जाणत्या चालकांना दाखवा. कोणती फेरी कोणत्या गटात चुकीची बसली आहे, हे ते लगेच सांगतात.

दर आठवड्याला प्रत्येकाला त्याचा आकडा फोनवर पाठवा: अपेक्षित लिटर, प्रत्यक्ष लिटर, आयडलिंगचे तास, आतापर्यंतचा बोनस. चार ओळी पुरेत. नावानिशी क्रमवारी लावायची असेल तर वरच्या पाच जणांचीच लावा, शेवटच्या नंबरावरच्याशी स्वतंत्र बोला. वाटप दर महिन्याला ठरलेल्या तारखेला, पगाराच्या पावतीवर वेगळ्या ओळीत करा. आकड्यावर हरकत घ्यायला सात दिवस द्या आणि तपासणीचे कागद चालकासमोर ठेवा.

अपेक्षेची रेषा वर्षभर हलवू नका, वर सांगितलेली हवामानाची दुरुस्ती सोडून. चालकांनी बचत केली की लगेच रेषा कडक केली, तर पुढच्या वेळी ते मुद्दाम हात राखून चालवतात, आणि त्यात त्यांची चूक काढता येत नाही. रेषा बदलावी लागते ती नवं मॉडेल आलं, टायरचा प्रकार बदलला किंवा मार्ग बदलला तर. तेव्हा नव्या नोंदी, नवा आलेख, आणि लागू होण्याआधी महिनाभराची सूचना.