मीटिंगच्या आधीची मीटिंग

जपानमधल्या नागोयाजवळच्या एका सुट्या भागांच्या कारखान्यात रुजू झाले आणि तिसऱ्याच आठवड्यात मीटिंगमध्ये सुधारणा सुचवून बसले. स्क्रूचा ट्रे कामगाराच्या पाठीमागे आहे, तो समोर आणा, वेळ वाचेल. आकडे, आलेख, सगळं चोख. खोलीत शांतता. शेवटी विभागप्रमुख म्हणाले, "केन्तो शिमास." म्हणजे 'विचार करतो'. मी खुशीत घरी फोनसुद्धा केला. महिनाभर काहीच हललं नाही, तेव्हा उमगलं की आपल्याकडचं 'बघू' ते हेच.

माझ्या सेम्पाईंनी, म्हणजे कामातल्या सीनिअरनी, मग 'नेमावाशी' समजावली. शब्द मूळचा माळीकामातला. मोठं झाड हलवायचं तर आधी मुळांभोवती खणतात, मुळं छाटून नवी बारीक मुळं फुटू देतात, मगच झाड उचलतात. ऑफिसात याचा अर्थ, ज्याला ज्याला झळ पोचणार त्याला आधीच एकेकटं गाठून बोलायचं. मीटिंग उरते ती होकारापुरती.

मी असेंब्ली लाइनवर गेले. त्या जागी काम करणाऱ्या बाईंनी ट्रे समोर धरून दाखवला, तर वरून लोंबणारी हवेची नळी त्यांच्या बाहीत अडकत होती. हे माझ्या आलेखात कुठे होतं? उपायही त्यांचाच: ट्रे उजवीकडे, जरा तिरका. पुठ्ठा कापून, चिकटपट्टी लावून दोन दिवस वापरून पाहिला. मग एका ए-थ्री कागदावर सगळं मांडलं, सुचवणाऱ्यांत त्यांचं नाव पहिलं. मीटिंग दहा मिनिटांत उरकली.

टोयोटात कामगारांकडून सूचना घ्यायची पद्धत १९५१ पासून आहे. नागोयातल्या त्यांच्या संग्रहालयात टोयोटा उद्योगसमूहाचे मूळपुरुष साकिची तोयोदा यांचा १९२४ चा कापड विणायचा माग आहे, धागा तुटला की आपोआप थांबणारा. तो नक्की बघा, काही चुकलं तर लाइन थांबवायला तिथल्या कामगारांना लाज का वाटत नाही ते कळेल.

नेमावाशीचं कौतुक मी सरसकट करणार नाही. ट्रे हलवायला ती उत्तम. अगदीच नवं काही असेल तर एकेकाची समजूत काढता काढता त्याची धार बोथट होते.

आणि नोमिकाईला, ऑफिसच्या पिण्याच्या बैठकीला, जात चला. पीत नसाल तर ऊलाँग चहा मागवा, शाकाहारी असाल तर एदामामेच्या शेंगा सोलत बसा. माझ्या पुढच्या सूचनेवरचा खरा आक्षेप मला तिथेच ऐकायला मिळाला, तोही त्याच विभागप्रमुखांकडून.