चेकलिस्ट आली की लगेच ‘ओके’ कळवू नका

बडोद्यात मकरपुरा जीआयडीसीतल्या पंपांच्या एका लहान कारखान्यात आयात-निर्यातीचे कागद मी बघते. नवीन मुलगा आला की पहिल्याच दिवशी त्याला सांगते, जहाज समुद्रात आहे तोवर आपलं काम उरकायचं. २०२१ पासून साधारणपणे माल पोचण्याच्या आदल्या दिवसापर्यंत बिल ऑफ एन्ट्री (आयात मालाची कस्टम्सला द्यायची माहिती) भरावी लागते. उशीर झाला तर पहिले तीन दिवस रोज ५,००० रुपये, पुढे रोज १०,०००. शेवटच्या संध्याकाळची वाट बघत बसू नका, कस्टम्सचं पोर्टल, आइसगेट, नेमकं तेव्हाच रुसतं.

मालाचं वर्णन मात्र जिवापाड सांभाळा. पूर्वी आमचा सीएचए, म्हणजे कस्टम्सचं काम बघणारा ब्रोकर, पार्ट हातात घेऊन कस्टम्सच्या साहेबांसमोर उभा राहायचा, काय आहे ते तोंडी समजावायचा. २०२० मध्ये फेसलेस असेसमेंट आलं. आता माल न्हावा शेव्याला उतरतो आणि कागद तपासणारा अधिकारी भलत्याच शहरात असू शकतो. तुमचा माल त्याला फक्त तुमच्या शब्दांतून दिसतो.

एकदा सप्लायरच्या इनव्हॉइसवर नुसतं ‘पंप पार्ट्स’ होतं. मीही डोळे झाकून पंपाच्या सुट्या भागांचा ८४१३ ९१ हा टॅरिफ कोड लावून दिला. आत होते मेकॅनिकल सील, आणि त्यांचा स्वतंत्र कोड आहे, ८४८४ २०. सील पंपात बसतं म्हणून ते पंपाच्या भागांत जात नाही. क्वेरी आली, कॅटलॉग मागवला, उत्तर दिलं, आणि तोवर कंटेनरचं भाडं चढत राहिलं. चूक सर्वस्वी माझी.

तेव्हापासून वस्तू काय, कशाची बनलेली आणि कुठे बसते, हे तिन्ही मी सप्लायरकडून इनव्हॉइसवरच लिहून घेते. कॅटलॉगचं पान क्वेरी यायच्या आधीच ई-संचितवर, म्हणजे कस्टम्सला कागद ऑनलाइन द्यायच्या सोयीवर, चढवते. तिथे प्रत्येक कागदाला आयआरएन हा क्रमांक मिळतो, तो बिल ऑफ एन्ट्रीत द्यायचा.

फाइल करण्याआधी ब्रोकर चेकलिस्ट, म्हणजे भरायच्या माहितीचा मसुदा, आपल्या ‘ओके’साठी पाठवतो. ती दोघांनी मिळून वाचा. एकाने मूळ कागद मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने चेकलिस्टवर बोट ठेवायचं. आमच्याकडे हे चारच्या चहाबरोबर चालतं, हसणारे हसतात. बीएल (जहाज कंपनीने दिलेली मालाची पावती) नंबर, वजन, चलन बघाच. भाव एफओबी, म्हणजे माल जहाजावर चढेपर्यंतचाच, असेल तर जहाजाचं भाडं आणि विमा धरलाय का, हेही बघा.

निर्यातीत आयजीएसटी (राज्याबाहेरच्या विक्रीवरचा जीएसटी) भरून माल पाठवत असाल, तर शिपिंग बिलावरचा (निर्यातीसाठी कस्टम्सला द्यायचा कागद) इनव्हॉइस नंबर आणि जीएसटीआर-१ या विक्रीच्या रिटर्नमधला नंबर तंतोतंत एक हवा, अगदी तिरक्या रेघेसकट. नाहीतर एसबी००५ ही चूक दाखवून भरलेल्या कराचा रिफंड अडकतो. चूक जीएसटीआर-१ मध्ये झाली असेल, तर पुढच्या रिटर्नमध्ये टेबल ९ए मधून ती दुरुस्त करायची.