जुळ्यांचा गुण कळपात आणताना

मेंढीपालनात नव्याने उतरणाऱ्याने एक गोष्ट आधी पक्की समजून घ्यावी. एका वेताला किती कोकरं होणार हे मेंढीच्या अंडाशयात ठरतं, मेंढ्यामुळे नाही. जुळ्यांच्या वाणाचा मेंढा आणला म्हणून त्याच हंगामात जुळी होत नाहीत. फरक दिसतो तो त्याच्या लेकींच्या वेतात. पाच महिने गाभणकाळ, मादी कोकरू माजावर यायला वर्षभर, पुन्हा पाच महिने, म्हणजे दोन वर्षं गेलीच. पहिल्याच हंगामात 'मेंढा वाया गेला' म्हणून तो विकणारे इथेच फसतात.

नुसत्या निवडीने जुळी वाढवायला पिढ्या जातात, कारण कोकरांच्या संख्येतला जेमतेम 10 टक्के फरक आनुवंशिक असतो. वजन त्यापेक्षा लवकर सुधारतं. पण सुंदरबनातल्या लहानखुऱ्या गॅरोल मेंढीत 'फेकबी' हे एकच जनुक जुळ्यांचं काम करतं. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने ते दख्खनी मेंढीत उतरवून 'नारी सुवर्णा' तयार केली.

प्रत्येक जनावरात या जनुकाच्या दोन जागा असतात. दोन्ही जागी फेकबी असलेला मेंढा साध्या मेंढीवर सोडला, तर प्रत्येक कोकराला एक प्रत मिळतेच. मेंढ्याकडे एकच प्रत असेल तर ती निम्म्याच कोकरांत जाते, आणि कोणत्या निम्म्यांत हे बघून कळत नाही. म्हणून खरेदी करताना अंगलट, शिंगं बघा, पण दोन प्रती असल्याचा रक्ततपासणीचा अहवाल हातात घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. मेंढीला मात्र एक प्रत पुरते. दुसरीने तिळ्यांचा धोका वाढतो, आणि आपल्या चराईवर तिळी जगवणं अवघड.

लेकी माजावर यायच्या आधी मेंढा बदलायचाच. बाप-लेकीच्या कोकरांत अंतःप्रजननाचं प्रमाण 25 टक्के येतं. कोकरं अशक्त होतात, मर वाढते.

सगळ्यात मोठी चूक निवडीत होते. जुळ्यातलं कोकरू जन्मतः हलकं असतं. तीन महिन्यांनी वजन करताना एकट्याने जन्मलेलं दांडगं कोकरू डोळ्यांत भरतं, तेच पैदाशीला ठेवलं जातं आणि जुळ्यातली बाजारात जातात. ज्यासाठी एवढा खटाटोप केला तो गुण आपल्याच हाताने बाहेर! जन्मल्या दिवशीच कानात बिल्ला मारा. वहीत आईचा नंबर, तारीख, एकटं की जुळं, जन्माचं आणि तीन महिन्यांचं वजन लिहा. जुळ्याची तुलना जुळ्याशीच करा. माद्या ठेवताना आईच्या कासेकडेही बघा. एक सड मेलेला असेल तर दुसरं कोकरू उपाशीच राहतं.

गाभणकाळाच्या शेवटच्या दीड महिन्यात कोकरांची बहुतेक वाढ होते, तेव्हा खुराक तोडू नका. व्यायल्यावर पहिल्या तासा-दोन तासांत दोघांच्याही तोंडात चीक गेला पाहिजे. धडधाकट कोकरू आधी पितं, म्हणून अशक्त असेल त्याला धरून आधी सडाला लावा.