कंपनीच्या जुन्या यंत्रणेत हडूप-स्पार्क कसे जोडावे

गोव्यातल्या वेर्णा औद्योगिक वसाहतीतल्या एका मोठ्या कारखान्यात रात्रीचा उत्पादन अहवाल सकाळी पाळी बदलली तरी तयार होत नसे. सगळा भार एकाच ओरॅकल डेटाबेस सर्व्हरवर. म्हणून आम्ही आठ सर्व्हरचा क्लस्टर, म्हणजे एकत्र काम करणारा गट, उभारला. डेटा अनेक मशीनवर वाटून ठेवणारे हडूप आणि त्यावर एकाच वेळी हिशेब करणारे स्पार्क दोन दिवसांत बसले, पण कंपनीच्या यंत्रणेत नांदायला त्यांना दोन महिने लागले. ते दोन महिने तुमचे वाचावेत म्हणून हे लिहितो आहे.

सुरुवात माणसांपासून करा. नेटवर्क, डेटाबेस, सुरक्षा आणि लॉगिन सांभाळणाऱ्यांना एकत्र बसवा. डेटा कुठून निघतो, कोणाच्या परवानगीने निघतो आणि कुठला सर्व्हर कधी मोकळा असतो, हे त्यांच्याकडून कागदावर उतरवून घ्या.

मग नावे. प्रत्येक मशीनचे पूर्ण नाव कंपनीच्या डीएनएसमध्ये, म्हणजे नाव आणि आयपी पत्ता यांची जोडी सांगणाऱ्या सेवेत, नोंदवा. नावावरून आयपी मिळाला पाहिजे आणि त्या आयपीवरून तेच नाव परत आले पाहिजे. दुसरी नोंद हमखास राहून जाते. घाईत प्रत्येक मशीनवरच्या हॉस्ट्स फाइलमध्ये हाताने नावे लिहू नका. नववे मशीन आले की तीच गळ्याशी येतात.

तिसरी गोष्ट घड्याळाची, आणि इथे मी जरा जास्त थांबणार आहे. कर्बरॉस ही ओळख पटवणारी पद्धत दोन मशीनच्या वेळेत साधारण 5 मिनिटांपर्यंतचाच फरक चालवून घेते. आमचा एक सर्व्हर 7 मिनिटे मागे होता. लॉगमध्ये वर ‘जीएसएस इनिशिएट फेल्ड’ दिसत होते, म्हणून आम्ही रात्रभर पासवर्ड आणि परवानग्या तपासत राहिलो. खरे कारण कितीतरी ओळी खाली होते: ‘क्लॉक स्क्यू टू ग्रेट’, म्हणजे घड्याळांत फार फरक. तो सर्व्हर इंटरनेटवरून वेळ घेऊ पाहत होता आणि फायरवॉलने त्यासाठी लागणारा 123 क्रमांकाचा यूडीपी पोर्ट अडवला होता. ज्या डोमेन कंट्रोलरवरून (कंपनीची लॉगिन तपासणारा सर्व्हर) बाकी कंपनी वेळ घेते, तिथूनच क्रोनी या घड्याळ जुळवणाऱ्या प्रोग्रामने क्लस्टरलाही वेळ द्या.

लॉगिनसाठी वेगळी यादी काढूच नका. क्लस्टरच्या सेवांसाठी स्वतंत्र कर्बरॉस सर्व्हर ठेवा आणि त्याला ॲक्टिव्ह डिरेक्टरीवर, म्हणजे कंपनीच्या खात्यांच्या यादीवर, एकतर्फी विश्वास ठेवायला लावा. मग कर्मचारी ऑफिसच्याच पासवर्डने आत येतात, आणि नोकरी सोडून गेलेल्या माणसाचे खाते एका जागी बंद केले की पुरते. सेवांच्या कीटॅब फाइली (ज्यांत त्यांच्या कर्बरॉसच्या किल्ल्या असतात) मात्र पासवर्डइतक्याच जपा.

डिस्कचा हिशेब खुल्या मनाने मांडा. एचडीएफएस, म्हणजे हडूपची फाइल साठवण, मुळातच फाइलच्या प्रत्येक तुकड्याच्या (ब्लॉकच्या) 3 प्रती ठेवते, म्हणजे 10 टीबी डेटाला 30 टीबी जागा, आणि मधल्या कामाची जागा वेगळी. सगळी मशीन व्हर्च्युअल असून एकाच स्टोरेजवर असतील, तर तिन्ही प्रती एकाच पेटीत पडतात. कुठले मशीन कुठल्या रॅकमध्ये (सर्व्हरच्या कपाटात) आहे, तेही हडूपला स्क्रिप्टने सांगा. सांगितले नाही तर ते सगळ्यांना एकाच रॅकमधले समजते. आपल्याकडे मृगाच्या पावसात वीज कितीदा जाते हे कोणाला सांगायला नको; एका रॅकचा यूपीएस बसला तरी निदान एक प्रत दुसरीकडे जिवंत हवी.

डेटा ओढताना चालू ओरॅकलवर तुटून पडू नका. स्पार्क जेवढे भाग पाडतो, तेवढी कनेक्शन एकाच वेळी उघडू शकतो. भागांची संख्या ठरवणारे ‘नमपार्टिशन्स’ 4 वर ठेवून सुरुवात करा, आणि ओरॅकलच्या राखीव (स्टँडबाय) प्रतीवरून वाचण्याची सोय असेल तर तिथूनच वाचा.

शेवटी जुना आणि नवा अहवाल एक महिना शेजारी-शेजारी चालवा. बदलाची तारीख चतुर्थीच्या आठवड्यात धरू नका, निम्मे लोक गावच्या घरी असतात. महिनाअखेरचे आकडे पैशापर्यंत जुळले की जुना जॉब थांबवा, पण पुढची महिनाअखेर पार पडेपर्यंत तो पुसू नका.