घनफळ आणि पृष्ठफळ काढताना आधी पाया ओळखा

घन, इष्टिकाचिती, त्रिकोणी चिती अशी प्रत्येकाची वेगळी सूत्रं घोकायची गरज नाही. घोकलेली सूत्रं ऐन पेपरात एकमेकांत मिसळतात. कुठल्याही सरळ चितीला, म्हणजे दोन्ही टोकं तंतोतंत सारखी आणि बाजू त्यांना काटकोनात असलेल्या आकाराला, ही दोन पुरतात:

घनफळ = पायाचं क्षेत्रफळ × उंची
एकूण पृष्ठफळ = २ × पायाचं क्षेत्रफळ + पायाची परिमिती × उंची

दुसऱ्या सूत्रात परिमिती कुठून आली? पुठ्ठ्याच्या खोक्याचं झाकण आणि तळ कापून टाका, एक उभी कड चिरा आणि बाजू उलगडून जमिनीवर पसरा. एक लांबट आयत मिळेल. त्याची लांबी म्हणजे पायाची परिमिती आणि रुंदी म्हणजे खोक्याची उंची. कापलेले दोन तुकडे त्यात मिळवले की झालं.

पायरी १: पाया ठरवा. समोरासमोरची, समांतर आणि तंतोतंत सारखी दोन पृष्ठं शोधा. त्यातलं एक म्हणजे पाया. घन आणि इष्टिकाचितीत कुठलीही जोडी चालते. त्रिकोणी चितीत मात्र त्रिकोणच पाया, मग ती आडवी पडलेली का असेना.

पायरी २: आकडे घाला. घनाचं काम चटकन होतं. बाजू ६ सेमी असेल तर घनफळ ६ × ६ × ६ = २१६ घसेमी आणि पृष्ठफळ ६ × ३६ = २१६ चौसेमी. आकडे जुळले तो योगायोग. एककं वेगळीच राहतात.

खरी गफलत आडव्या चितीत होते. दुपाखी छपराचं घर घ्या: रुंदी ८ मी, लांबी १० मी, आढं भिंतीच्या माथ्यापासून ३ मी वर. छपराखालची पोकळी ही आडवी त्रिकोणी चिती. पाया म्हणजे पुढचा त्रिकोण, क्षेत्रफळ ½ × ८ × ३ = १२ चौमी. चितीची ‘उंची’ म्हणजे घराची लांबी. घनफळ १२ × १० = १२० घमी.

पृष्ठफळासाठी पाखाची तिरकी बाजू हवी. पायथागोरसनुसार ४² + ३² = २५, म्हणून ५ मी. एकूण पृष्ठफळ २ × १२ + (८ + ५ + ५) × १० = २०४ चौमी. ही तिरकी ५ मी त्रिकोणाची उंची म्हणून वापरू नका. तिथे ३ च.

पायरी ३: कुठली पृष्ठं हवीत ते बघा. वरच्या छपराला पत्रे घालायचे तर फक्त दोन पाखं मोजायची, १०० चौमी. पत्रे एकमेकांवर चढतात तो भाग आणि भिंतीबाहेर येणारी वळचण वेगळी. हौदाचंही तसंच. आतून २ मी × १.५ मी × १.२ मी असलेल्या उघड्या हौदात ३.६ घमी, म्हणजे ३,६०० लिटर पाणी मावतं (१ घमी = १,००० लिटर). गिलावा मात्र चार भिंती आणि तळाला: ७ × १.२ + ३ = ११.४ चौमी. सूत्र डोळे मिटून वापरलं तर १४.४ येतात आणि नसलेल्या झाकणाचाही गिलावा हिशेबात धरला जातो.

पायरी ४: सगळी मापं एकाच एककात आणा. खडी ब्रासवर विकली जाते; १ ब्रास म्हणजे १०० घनफूट. ट्रॉली १० फूट लांब, ५ फूट रुंद आणि १८ इंच खोल असेल तर १८ इंचांचे आधी १.५ फूट करा: १० × ५ × १.५ = ७५ घनफूट, पाऊण ब्रास. १८ तसेच गुणले तर त्याच ट्रॉलीत ९ ब्रास खडी बसते!