एफवायला तत्त्वज्ञान घेताय? मग युक्तिवाद लिहायला शिका

एफवायबीएला तत्त्वज्ञान घेतलेली बरीच मुलं पहिल्या परीक्षेपर्यंत एकच गोष्ट करतात: कोण काय म्हणाला ते पाठ करतात आणि तो तसं का म्हणाला ते ऑप्शनला टाकतात. 'कांटच्या मते खोटे वचन देणे अयोग्य आहे' हे वाक्य बरोबर आहे, पण त्यावर मार्क फारसे मिळत नाहीत. तिथपर्यंत पोचण्याच्या पायऱ्या दाखवल्या तर मिळतात.

जर्मन तत्त्वज्ञ कांटचंच बघू, कारण जास्त उत्तरं इथेच घसरतात. 1785 साली आलेल्या नीतिशास्त्रावरच्या ग्रंथात त्याचं उदाहरण असं आहे: एका माणसाला पैशांची नड आहे, परतफेड जमणार नाही हे त्याला ठाऊक आहे, तरी 'परत करतो' असं वचन देऊन तो कर्ज काढतो. उत्तरात आधी त्याच्या कृतीमागचा नियम एका वाक्यात लिहा: 'नड पडली की मी खोटं वचन देऊन पैसे घेईन.' मग हा नियम सगळेच पाळताहेत अशी कल्पना करा. अशा जगात परतफेडीच्या वचनावर कुणी विश्वासच ठेवणार नाही. मग खोटं वचन देऊन पैसे मिळवणंही अशक्य होईल. म्हणजे नियम सार्वत्रिक केला की तो स्वतःच स्वतःला मोडीत काढतो. इथे थांबायचं.

पण हात थांबत नाही. 'त्यामुळे समाजाचे नुकसान होईल' असं एक वाक्य पुढे येतं आणि कांटचा मिल (उपयुक्ततावादी इंग्रज तत्त्वज्ञ) होतो. परिणामांवरून कृती तोलणं हे उपयुक्ततावाद्यांचं काम. कांट बोट ठेवतो ते विसंगतीवर. पेपर तपासणाऱ्याला ते एक वाक्य लगेच दिसतं.

यानंतर एक आक्षेप लिहा, एकच, पण नीट. उदाहरणार्थ, नियम फार बारीक केला तर? 'अमुक गावात, अमुक तारखेला, अमुक नावाच्या माणसाने खोटं वचन द्यावं' हा नियम सगळ्यांनी मान्य केला तरी वचनांवरचा विश्वास उडत नाही. मग नियम किती व्यापक मांडायचा हे कोण ठरवणार? त्यावर कांटच्या बाजूने काय म्हणता येईल, तेही दोन ओळींत द्या. 'कांटचे विचार आजच्या काळात अव्यवहार्य वाटतात' हा आक्षेप नव्हे, कुरकुर आहे.

मिलबद्दल थोडक्यात: उपयुक्ततावाद म्हणजे स्वार्थ नाही. कृतीचा परिणाम ज्यांच्यावर होतो त्या सगळ्यांचं सुख मोजायचं आणि त्यात आपलं सुख इतरांइतकंच, तसूभरही जास्त नाही.

मूळ उतारा वाचताना पेन्सिल हातात हवी. पहिल्या वाचनात फक्त निष्कर्ष शोधा, दुसऱ्यात त्याला आधार देणारी विधानं, तिसऱ्यात कच्चा दुवा. पाच-सहा पानांना दोन तास लागले तर ते ठीकच आहे. समासात 'हे कोणाचं मत?' एवढं लिहीत जा. लेखक विरोधकाचं म्हणणं कधी इतकं जोरकस मांडतो की ते त्याचंच वाटायला लागतं.

भारतीय तत्त्वज्ञानात तर पूर्वपक्ष, म्हणजे विरोधकाचं म्हणणं, आधी मांडायची रीतच आहे. चौदाव्या शतकातल्या 'सर्वदर्शनसंग्रहा'चं पहिलं प्रकरण चार्वाकांवर, म्हणजे फक्त प्रत्यक्ष मानणाऱ्या भौतिकवाद्यांवर आहे, पण ग्रंथकार माधवाचार्य स्वतः अद्वैती. चार्वाकांचं लेखन बहुतांशी लुप्त झालंय, त्यामुळे त्यांची मतं आपल्याला मुख्यतः विरोधकांच्या ग्रंथांतूनच कळतात. उत्तरात हे सांगितलंत तर 'खा, प्या, मजा करा' एवढ्यावर चार्वाक गुंडाळला जात नाही. अनुमानावर त्यांनी घेतलेला आक्षेप, म्हणजे व्याप्ती ('जिथे धूर तिथे अग्नी' असा कायमचा संबंध) खात्रीने कळणार कशी, हा खरा लिहिण्याजोगा भाग.

न्यायदर्शनाचं पंचावयवी वाक्य (अनुमान मांडायच्या पाच पायऱ्या: प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन) क्रमाने यायलाच हवं. डोंगरावर धूर आहे म्हणून अग्नी आहे, हे चालतं. उलट बाजूने, अग्नी आहे म्हणून धूर आहे, हे चालत नाही: लालबुंद तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. हेत्वाभासाच्या (सदोष हेतूच्या) प्रश्नात हा गोळा हमखास कामाला येतो.

यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत 2013 पासून नीतिशास्त्राचा 250 गुणांचा पेपर आहे, म्हणून हा विषय घेणारेही असतात. त्यांनी एक लक्षात ठेवावं: तिथे बराच भर प्रशासनातल्या प्रसंगांवर असतो आणि अधिकारी म्हणून काय कराल ते विचारतात. त्या गाईडमधली उत्तरं कॉलेजच्या पेपरात उतरवू नका.