मोबाइलसाठी कॉमिक्स काढताना

कॉमिक्स काढायला सुरुवात करणारी मुलं बहुतेक वेळा पहिला प्रश्न टॅबलेटचा विचारतात: कुठला घेऊ, कितीचा घेऊ? मी त्यांना उलट विचारते, तुमची गोष्ट लोक कशावर वाचणार? उत्तर 'मोबाइलवर' असेल, आणि हल्ली बहुतेकदा ते तेच असतं, तर चौकटी पाडण्यापासून सगळं नव्याने ठरवावं लागतं.

छापील कॉमिक्समध्ये समोरासमोरची दोन पानं वाचकाला एकदम दिसतात. त्यामुळे धक्क्याचा प्रसंग पान उलटल्यावरच यायला हवा, हा हिशोब चित्रकार पूर्वीपासून करत आलेत. फोनवर ते उलटणंच उरत नाही. १९६७ साली सुरू झालेली 'अमर चित्र कथा' आता ॲपवरही मिळते; पण जुन्या अंकांची पानं पुस्तकासाठी रचलेली, म्हणून छोट्या पडद्यावर फुग्यातलं, म्हणजे पात्रांचं बोलणं, वाचायला चित्र बोटांनी मोठं करावं लागतं. अमेरिकेत २००७ मध्ये सुरू झालेल्या कॉमिक्सॉलॉजी या डिजिटल कॉमिक्सच्या कंपनीने यावर तोड काढली ती एकेक चौकट क्रमाने पडदाभर दाखवण्याची. कोरियातल्या दाउम आणि नेव्हर या कंपन्यांनी २००३-०४ च्या सुमारास वेबटूनच्या, म्हणजे इंटरनेटवर वाचायच्या कॉमिक्सच्या, सेवा सुरू केल्या, आणि तिथे पुढे पानच सुटलं. वरून खाली सरकणारी एकच लांब पट्टी, हा आज फोनवरच्या कॉमिक्सचा रुळलेला घाट आहे.

या पट्टीत दोन चौकटींमधली मोकळी जागा म्हणजे वेळ. विहिरीत पोहरा सोडण्याचा प्रसंग घ्या. छापील पानावर मी तीन चौकटी केल्या असत्या: रहाटावरचे हात, खाली जाणारा पोहरा, पाण्याचा आवाज. पट्टीवर हात एकदाच दाखवायचे. मग नुसता दोर. वाचकाचा अंगठा सरकतोय, दोर खाली जातोय, विहिरीचे दगड काळोखत जातायत, पडदा संपून दुसरा येतो तरी पाणी नाही. इतका उशीर झाल्यावर येणारं 'डुबुक' वाचकाला खरंच ऐकू येतं. पडणं, चढणं, जिना, झाड, पाऊस हे सगळं इथे खुलतं. आडवं रान, मिरवणूक, लढाई मात्र अवघड जाते, कारण रुंदी फोनएवढीच. अशा वेळी मी गर्दी न दाखवता गर्दीतला एक चेहरा जवळून घेते.

आता हत्यारांकडे. क्रिटा हे चित्र काढायचं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि शिकायला पुरेसं आहे. क्लिप स्टुडिओ पेंटला पैसे पडतात, पण ते कॉमिक्सवाल्यांसाठीच बनवलेलं आहे. चौकटी, फुगे, जवळ-लांबचं अंतर (पर्स्पेक्टिव्ह) नीट दाखवायला लागणाऱ्या मोजपट्ट्या सगळं हाताशी मिळतं. पडदा नसलेला साधा पेन टॅबलेट स्वस्तात येतो. हात टेबलावर आणि नजर समोरच्या पडद्यावर, ही सवय व्हायला काही आठवडे लागतात, पण होते. जपायचं ते झूमपासून. चित्र चारपट मोठं करून पापण्या कोरत बसलात तर त्या कुणालाच दिसणार नाहीत. दर तासाला चित्र स्वतःच्या फोनवर पाठवून बघा. तिथे जे दिसतं तेच तुमचं चित्र.

पूर्वी पेन्सिल, शाई, रंग आणि अक्षरं करणारे हात बहुधा वेगवेगळे असत. आता एकच माणूस सगळं करतो, आणि त्यात अक्षरांची सर्वांत जास्त आबाळ होते. मराठीत तर फारच. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांमध्ये मजकुराची भारतीय लिपींसाठीची मांडणी निवडलेली नसेल तर जोडाक्षरं फुटतात आणि पहिली वेलांटी अक्षराच्या भलत्या बाजूला जाते. इंग्रजी कॉमिक्सचे फुगे बहुधा कॅपिटल अक्षरांनी भरतात, ती सगळी एका उंचीची. आपल्याकडे वर वेलांटी, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, म्हणून दोन ओळींत अंतर जास्त हवं आणि फुगाही मोठा हवा. 'विद्यार्थ्यांच्या'सारखा शब्द तोडताही येत नाही. म्हणून मी आधी संवाद मांडते, मग फुगा, आणि उरलेल्या जागेत माणसं उभी करते.

फॉन्ट युनिकोडच घ्या, म्हणजे सगळ्या संगणकांवर आणि फोनवर अक्षरं सारखीच ओळखली जातात; डीटीपीच्या जुन्या फॉन्टमधला मजकूर दुसऱ्या संगणकावर नेला की बऱ्याचदा त्याचा खिचडा होतो. मुक्ता, बालू हे फॉन्ट मोफत आहेत आणि व्यावसायिक कामालाही चालतात. ल आणि श यांची वळणं मराठी आहेत का हिंदी, 'दुसऱ्या'मधला र नीट येतो का, हे फॉन्ट ठरवण्याआधीच तपासा. वाचकाला कारण सांगता येणार नाही, पण परकेपणा जाणवतो.

एआयने चित्रं काढून घेण्याबद्दल हल्ली प्रत्येक जण विचारतो. अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने २०२३ मध्ये अशा एका कॉमिक्सच्या बाबतीत मजकूर आणि मांडणीला संरक्षण दिलं, यंत्राने केलेल्या चित्रांना दिलं नाही. मला त्याहून मोठी अडचण वाटते ती ही, की शिकण्याच्या वर्षांत हात यंत्राकडे सोपवला तर पोहऱ्याचा दोर किती लांब ठेवायचा हे कधीच उमगत नाही.

पुढेमागे पुस्तक करायची इच्छा असेल तर सुरुवातीपासून ३०० डीपीआयवर, म्हणजे छापताना इंचाला ३०० ठिपके पडतील अशा बेताने, काढा. पट्टी ८०० पिक्सेल रुंदीची लागत असली तरी मूळ फाइल मोठी ठेवा आणि शेवटी लहान करा. लहानाची मोठी नीट होत नाही. पडद्यावरचा झगझगीत निळा-हिरवा छपाईत मंदावतो, तेव्हा एक पान आधी छापून बघा. प्रत्येक चौकट वेगळी ठेवलीत तर पट्टी मोडून पानं नव्याने रचता येतात. मजकुराचा लेयर, म्हणजे चित्रावरचा वेगळा थर, मात्र चित्रात कधीच मिसळू नका, कारण उद्या कुणी तीच गोष्ट कोकणीत किंवा हिंदीत मागितली तर फक्त फुगे बदलून देता येईल.